भुवाजींचे खाखरे

आमच्या घरात गरम फुलका न खाणारी एकच बाई होती, आणि चुलीवर सत्ता नेमकी तिचीच होती. ती म्हणजे भुवाजी, माझ्या नवऱ्याची आत्या. लहानपणीच विधवा होऊन त्या जुन्नरला भावाच्या घरी परत आलेल्या. पुढे माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा हे अगदी लहान होते. ह्यांना वाढवलं भुवाजींनी. मी मंचरहून लग्न होऊन आले तेव्हा घरात आम्ही चारच माणसं होतो: सासरे, हे, भुवाजी आणि मी. त्यातल्या दोन्ही पुरुषांचं भुवाजींवाचून पान हलत नसे. राहिले मी, आणि मला कुणी विचारत नसे.

माहेरी माझ्या फुलक्यांचं कौतुक होतं. फुलका टम्म फुगला की वडील तो बोटांवर नाचवत माजघरातून थेट दुकानात नेत आणि गिऱ्हाइकाला दाखवत. तोच तोरा घेऊन मी सासरी पहिल्या दिवशी चुलीपुढे बसले. फुलका फुगला, मी तो भुवाजींच्या ताटात टाकला. त्यांनी तो दोन बोटांनी उचलून ह्यांच्या ताटात सरकवला आणि स्वतःला सकाळचा उरलेला मागून घेतला.

"ताजं काय, कुणालाबी जमतं," त्या म्हणाल्या. "उरलेलं जमाय पायजे."

हे हसले. सासरेही हसले. ते हसणं मी अजून विसरलेले नाही, आणि विसरायचा माझा विचारही नाही.

आम्ही मारवाडातून आलेले जैन. आमच्यात रात्र ओलांडलेलं ओलसर अन्न खात नाहीत. त्यात जीव पडतात. सूर्य बुडाल्यावर चूलही पेटवायची नाही. म्हणजे सकाळचे फुलके उरले, तर त्यांचा निकाल दिवस मावळायच्या आत लावायचा. खाऊन टाका, गाईला घाला, नाहीतर मंद आचेवर दाबून भाजून त्यातला ओलावा पार काढा. तसा कोरडा केलेला फुलका म्हणजे खाखरा. तो रात्रीला भीत नाही, हिवाळ्यात तर कितीतरी दिवस टिकतो. पेठेतल्या इतर घरांत हा प्रश्न सरळ होता. उरलं की गाईला. भुवाजींच्या हातून मात्र गाईला कधी तुकडा गेला नाही, आणि पेठेतली गाय आमच्या दाराशी थांबायचं केव्हाच विसरून गेली होती.

त्यातून त्यांचा सूर्यही निराळा. आमच्या घराच्या मावळतीला शिवनेरी. सूर्य गडाच्या आड गेला की आकाशात अजून भरपूर उजेड असे, शेजारी निवांत जेवायला बसत. भुवाजींना ते मान्य नव्हतं. डोंगराआड गेला म्हणजे गेला, दिसंना तो बुडाला, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे गडाची सावली आळीत शिरली की आमच्या घरात एकच धांदल उडे. सासरे दुकान अर्धं उघडं टाकून जेवायला येत. गिऱ्हाईक थांबून राही, कारण सगळ्या पेठेला ठाऊक होतं की आता म्हातारी कुणाला सोडायची नाही.

दुपार टळली की त्या चुलीपुढे बसत. बिडाचा जाड तवा, खाली गोवरीचे निखारे, त्यावर राखेचं पांघरूण, आणि हातात जुन्या धोतराचा घट्ट गोळा. उरलेला फुलका तव्यावर टाकायचा आणि त्या गोळ्याने दाबत, फिरवत, उलटत बसायचं. हा उद्योग चालू असताना त्या फुलक्याशी बोलत. एखादा मध्येच फुगला तर त्याला झापत, आता फुगायचं वय राहिलं का तुझं, म्हणून. हे बोलणं फुलक्याला असे की मला, हे मला कधी नीट कळलं नाही.

खाखरा झाला की नाही हे त्या डोळ्यांनी ठरवत नसत. बोटांवर तर मुळीच भरवसा नव्हता. जन्मभर तव्यावर भाजून ती इतकी निबर झाली होती की त्यांना ओलं-कोरडं समजत नसे. त्या खाखरा कानाशी धरत आणि नखाने टिचकी मारत. नीट वाळलेला असला तर तो टणकन वाजे. मग त्या म्हणत, "बोलला," आणि तो थरावर ठेवत. ज्याचा आवाज दबका येई तो पुन्हा तव्यावर जाई.

प्रत्येक उरलेल्या भाकरीची तऱ्हा त्यांना निराळी ठाऊक होती. दुपारची बाजरीची भाकरी तव्यावर टाकलेली त्यांना खपत नसे. ती चुलीशेजारच्या वैलाला टेकवून, निखाऱ्याकडे पाठ करून उभी ठेवायची, म्हणजे कड कुरकुरीत होते आणि पोट मऊ राहतं. ज्वारीच्या भाकरीला आधी पाण्याचा हात लावायचा, मग खालून धग. तूप लावून ठेवलेला फुलका पुन्हा गरम करायचाच नाही, तो वातड होणार. त्याचे तुकडे करून ताकाच्या फोडणीत सोडायचे. मी एकदा घाईत भाकरी सरळ फुफाट्यात खुपसली, तर त्यांनी ती बाहेर काढली, राख झटकली आणि मला समजावलं.

"गरम करनं म्हंजी पुन्हा भाजनं न्हाई. आतल्या पान्याला समजावायचं, की बाबा, आता तू नीघ नायतर गप बस."

खरं सांगते, हे ऐकून मला त्यांचा जास्तच राग आला. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

पेठेत त्यांचं नाव झालं होतं ते मात्र मला सर्वांत झोंबायचं. होळीच्या दुसऱ्या दिवशी समोरची शिंपीणकाकू उरलेल्या पुरणपोळ्यांची परात घेऊन आमच्या ओट्यावर यायची. मागोमाग आणखी बायका. भुवाजींनी शिळी पुरणपोळी जन्मात तोंडात घातली नव्हती, घालणारही नव्हत्या. त्या उंबऱ्याच्या आत बसत, परातीला हातही लावत नसत, आणि तिथूनच हुकूम सोडत. तूप आता घालायचं न्हाई. तवा निवत आला की मग टाक. पुरणाचा वास आला की उलट, कडेचा वास आला की उतर. शिंपीणकाकू घरी जाऊन तसंच करायची आणि संध्याकाळी येऊन सांगायची की कालच्यापेक्षा आजची पोळी चांगली लागली. मी तिथेच दाराशी उभी असायची. मंचरच्या माझ्या आळीत पुरणपोळीसाठी बायका मला बोलवायच्या. इथे एकीनेही माझ्याकडे मान वळवून पाहिलं नाही.

प्लेगच्या सालात गाव बाहेर पडलं, आम्हीही शेतात झोपडी बांधून राहिलो. घर सोडताना सासऱ्यांनी दागिन्यांची पेटी भुवाजींच्या हाती दिली, सांभाळून आणा म्हणून. झोपडीत पोचल्यावर पाहतो तर भुवाजींच्या काखेत तवा आणि धोतराचा गोळा. पेटी घरीच राहिली. सासऱ्यांना परवानगीसाठी कचेरीत हातापाया पडून परत गावात जावं लागलं. माझ्या हातून असं झालं असतं तर मला माहेरी पाठवली असती. भुवाजींना सासरे एवढंच म्हणाले की तवा आणला ते बरं झालं, बाई. त्या पेटीत माझ्या पाटल्या होत्या.

पण हे सगळं मी गिळलं असतं. मला हवा होता तो डबा.

आमचं कापडाचं दुकान. पावसाळा संपला की हे तट्टावर लुगडी, खण, धोतरं लादून बाजार करत. राजुरी, बेल्हे, इकडे घोडेगाव, आणि तिथून पुढे घोडनदीच्या कडेकडेने डिंभ्यापर्यंत. डोंगरातली भातवाली माणसं भाताच्या सुगीनंतर कापड घेत, म्हणून डिंभ्याला मुक्काम लांबे. तिथे ह्यांना आमच्या नेमाचं जेवण कोण देणार? दिवसाउजेडी जेवायचं, कांदा नाही, कंद नाही, कालचं नाही. म्हणून पत्र्याचा एक डबा खाखऱ्यांनी भरून बरोबर जाई. मुळात तो विलायती बिस्किटांचा डबा. झाकणावर एका गोऱ्या बाईचं चित्र होतं. बिस्किटात काय असतं कुणास ठाऊक, म्हणून भुवाजींनी तो राखेने इतका घासला होता की बाईचं नाकतोंड पुसलं जाऊन नुसती टोपी उरली होती. ह्यांचा धर्म आणि ह्यांचं पोट, दोन्ही त्या डब्यात असे, आणि डबा भरणार भुवाजी.

घरी असताना हे भुवाजींच्या वाढण्यातलं खात, दौऱ्यावर भुवाजींच्या डब्यातलं खात. मग मी बायको कशापुरती? मी एकदा धीर करून तुपाने माखलेले, मऊ, ताजे फुलके केळीच्या पानात बांधून ह्यांच्या पिशवीत टाकले. परत आल्यावर विचारलं, कसे झाले होते. हे स्वभावाने खरं बोलणारे. म्हणाले, घोडेगावपर्यंत वातड झाले, मग तट्टाला घातले, तट्टाने आवडीने खाल्ले. पुढे भुवाजींकडे वळून म्हणाले की डबा नसता तर मेलोच असतो. भुवाजींनी नुसती मान हलवली. मी उठून विहिरीवर गेले आणि रिकामीच घागर बराच वेळ घासत बसले.

खाखरे मलाही करता येत होते, बरं का. रोज पाहून पाहून माझा हात बसला होता. पण मी तव्याशी बसले की भुवाजी मला उठवत. बाकीची सगळी चूल माझी, हे एवढं त्यांचं.

एका दिवाळीच्या सुमाराला मी भाजी निवडत होते, आणि भुवाजी डब्यासाठी खाखरे भाजत होत्या. त्यांनी एक कानाशी धरला, टिचकी मारली. मला आवाज आला तो दबका, ओल्या मडक्याचा. भुवाजी म्हणाल्या, "बोलला," आणि तो थरावर ठेवला. दुसराही तसाच. तिसरा तर अजून मऊ होता. मी मान वर करून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचं समाधान होतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की भुवाजींना ऐकू येईनासं झालंय. अलीकडे हाक मारली तरी वळून बघत नसत, तो मी माझा अपमान समजत होते.

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या, हे लपवत नाही. ओलसर राहिलेल्या खाखऱ्याला बुरशी येणार. डबा डिंभ्याला उघडणार, हिरवा निघणार, आणि मग भुवाजींचं राज्य संपलं. मी भाजी निवडत हे चित्र पुरतं रंगवलं. पण चित्रात पुढे हे आले. आमच्यात बुरशी म्हणजे जीवच जीव. ते खायचं तर नाहीच, फेकायचं, चिरडायचंही नाही. कुणाचा पाय पडणार नाही अशा सावलीच्या जागी हलक्या हाताने ठेवायचं आणि आपण उपाशी राहायचं. ह्यांनी अगदी तेच केलं असतं. डोंगरात, उपाशी, तट्टाला धरून.

सांगावं तर कुणाला? मी भुवाजींवर जळते हे सासऱ्यांना माहीत, ह्यांना माहीत, शिंपीणकाकूलासुद्धा माहीत. मी तोंड उघडलं असतं तर सगळ्यांनी एकच म्हटलं असतं. तेव्हा मी गप्प राहिले. खाखरे संपले तशा, गडाची सावली यायच्या आत, भुवाजी आमच्या जैन स्थानकात प्रार्थनेला गेल्या. हे तट्टाचा खरारा करत होते, सासरे दुकानात होते. मी डबा उघडला, ओलसर निघाले तेवढे बाजूला काढले, राखेखालच्या निखाऱ्यावर तवा ठेवला आणि गोळ्याने दाबून दाबून एकेक पुन्हा भाजला. बोलेपर्यंत. मग डबा होता तसा भरून ठेवला.

त्या फेरीहून हे आले ते खूश होऊन. डिंभ्याला हे ज्या शेतकऱ्याच्या पडवीत उतरत, त्याने ह्यांच्याकडून एक खाखरा मागून घेतला होता. त्याचं बोलणं हे भुवाजींच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होते. "तो म्हनला, शेट, आमी समजत व्हतो तुमी वाळकं पापड खाता. हे तर लई ग्वाड हाय. ज्या म्हातारीनं केलं तिला माझा रामराम सांगा."

भुवाजी गालात हसल्या. मी चुलीतली राख ओढत होते. माझ्या हातचं कुणीतरी अखेर वाखाणलं होतं, आणि रामराम गेला भुवाजींना.

पुढल्या फेरीलाही तेच, त्याच्या पुढल्याही. दुपारी सगळ्यांदेखत भुवाजी भाजत, त्या स्थानकात गेल्या की कुणी नसताना मी. हळूहळू एकही खाखरा धड वाळलेला नसे, डबाच्या डबा मला पुन्हा भाजावा लागे. आणि ह्यांचं कौतुक वाढतच चाललं. भुवाजींचा हात वयाबरोबर मुरत चाललाय, असं हे सासऱ्यांना सांगत. सासरे मला म्हणत, सूनबाई, बघून घ्या, शिकून घ्या. मी हो म्हणे. माझा जीव नुसता तडफडे.

मग एके दिवशी भुवाजी स्थानकातून लवकर परतल्या. मी गोळा दाबून बसले होते, मला चाहूल लागली नाही. वर पाहिलं तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. मग येऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. परातीतला एक खाखरा घेतला, कानाशी धरला, टिचकी मारली. थांबल्या. पुन्हा मारली.

"कवापासनं?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, गेल्या दिवाळीपासून.

"मला वाटलं व्हतं," त्या म्हणाल्या, "आता हेच हळू बोलाय लागलेत."

त्यांनी खाखरा परातीत ठेवला.

"त्याला सांगू नगं. ह्या घरात माझं म्हनून तेवढा डबाच हाय."

माझ्या मनात इतक्या वर्षांचं साठलेलं तेव्हा बाहेर आलं. मी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले, "आणि माझं काय आहे?"

भुवाजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनी मला नीट पाहिलं ते त्याच दिवशी.

"तुझा तो हाय की. मला डबा राहू दे."

हे मला पटलं नाही. माझा तो कुठे होता? तो तर डब्याच्या मागे होता. पण त्यांचे हात मांडीवर निपचित पडले होते, आणि मी ते हात तसे रिकामे कधी पाहिले नव्हते. मी म्हटलं, नाही सांगणार. त्यांनी शब्द मागितला, मी दिला. मग त्या उठल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या की आच जास्त झालीये, राख घाल.

कुणाला वाटेल की त्यानंतर आमचं गूळपीठ जमलं. तसं काही झालं नाही. त्या मला पूर्वीसारख्याच टाकून बोलत, ताजा फुलका पूर्वीसारखाच बाजूला सारत. दुपारी खाखरा कानाशी धरून, काही ऐकू येत नसताना, पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात "बोलला" म्हणत. एवढंच की तेव्हा त्या चोरून माझ्याकडे बघत. मी हलकेच मान हलवे. माझी मान नाही म्हणून हलली, तर तो खाखरा काहीतरी निमित्त काढून पुन्हा तव्यावर टाकत. तरी त्या स्थानकात गेल्यावर डबा शेवटी भाजायचा तो मीच. आणि फेरीहून आलेले हे त्यांच्या पायाशी बसून डिंभ्याच्या गप्पा सांगत, तेव्हा मला वाटे की उठावं आणि सगळं ओरडून सांगावं.

भुवाजी एका चातुर्मासात गेल्या. थोडा ताप आला, मग अन्न सोडलं, मग पाणी. शेवटपर्यंत गडाची सावली आळीत शिरली की त्या मान वळवून चुलीकडे पाहत. हे पोरासारखे रडले. मीही रडले, पण माझं रडणं साधं नव्हतं. आता डबा माझा, हे मला रडतानाही ठाऊक होतं.

त्या दिवाळीनंतरच्या पहिल्या फेरीचा डबा मी भरला. दुपारी, सासऱ्यांच्या समोर, ह्यांच्या समोर, मुद्दाम पदर खोचून. इतकी वर्षं ज्यासाठी जळले ते हेच. तोच तवा, तोच गोळा, आचही तीच. एकही खाखरा दबका राहिला नाही.

हे परत आले, तट्टाला चारा घातला, हातपाय धुतले आणि डबा माझ्यापुढे ठेवला. मी झाकण काढलं. तळाशी खाखरे उरले होते. इतक्या वर्षांत डबा कधी उरून आला नव्हता.

"बरे झाले नाहीत का?" मी विचारलं.

"वाईट न्हाईत," हे म्हणाले. "तू मन लावून केलेस, ते कळतं. पण भुवाजींच्या हाताची सर न्हाई. डिंभ्याचा तो गडीसुदिक म्हनला, शेट, म्हातारी गेली आन् चव गेली."

मी तोंड उघडलं. दोन वर्षं तुम्ही कुणाच्या हातचं खाल्लंत, तो गडी कुणाला रामराम धाडत होता, एवढं एकच वाक्य होतं. ते ओठांपर्यंत आलं. पण भुवाजींना दिलेला शब्द आडवा आला, आणि हे त्या डब्याकडे पाहून डोळे पुसत होते. मी झाकण लावलं.

जन्मभर मी भुवाजींचा हेवा केला. त्या संध्याकाळी मात्र मला हेवा वाटला तो माझ्याच हातांचा. भुवाजींचे होते तोवर ते ह्यांना फार आवडत.